कंडक्टरसाहेबांकडून एक रुपया

दाखला देण्यात येतो की, श्री. नबीलाल महंमदसाब अत्तार, वय वर्षे एकसष्ट, सेवानिवृत्त वाहक, राहणार कळंब, जिल्हा धाराशिव, हे इसम वर्णाने सावळे, बांध्याने सडपातळ व उजव्या अंगठ्याचे टोक झिजलेले असे असून, निवृत्तीनंतर त्यांनी आजतागायत एकही वस्तू छापील किमतीस खरेदी केलेली नाही. तसेच सदरहू इसमाच्या नावे जमा झालेला एकही कॅशबॅक, रक्कम कितीही क्षुल्लक असो, न वापरता मुदतबाह्य झाल्याची नोंद आढळून येत नाही. सबब दाखला दिला असे.

असा दाखला कुठल्याच कचेरीत मिळत नाही. मिळत असता, तर नबीलालभाईंनी तो लॅमिनेशनवर सूट असलेला दिवस गाठून काढून घेतला असता.

या जिल्ह्यानं निजामाच्या काळात हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार अशी दोन नाणी एकाच खिशात वागवली आहेत. तेव्हा एक देऊन दुसरं घेताना कापला जाणारा बट्टा नेमका कुणाच्या खिशात जातो, हे कुतूहल इथल्या रक्तातच आहे. नबीलालभाईंच्या बाबतीत त्यात एसटीची भर पडली. उभी नोकरी त्यांनी 'सुट्टे द्या, सुट्टे' म्हणत काढली. प्रवाशाचे उरलेले पैसे ते तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचे आणि 'उतरताना घ्या' म्हणायचे. उतरताना लोक विसरायचे, आणि आठवण राहिलेले भांडायचे. अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर मोबाइल आला आणि त्यांना दिसलं, की आता सगळं जग आपल्याला सुट्टे परत करायला बसलंय, तेही न भांडता.

मग ते 'बचतमित्र' नावाच्या ॲपचे झाले. या ॲपवर दुकानांची गिफ्ट कार्डं मिळायची. हजाराचं कार्ड सव्वानऊशेला घ्यायचं, ते दुकानात हजाराला चालवायचं, आणि वर थोडे पैसे कॅशबॅक म्हणून परत यायचे. नबीलालभाई डाळ, साबण, बल्ब, सगळं असंच आणू लागले. जे स्वस्त असेल ते घरात येई. लागतं का हा प्रश्न मागाहून. एका टप्प्यावर घरात फिनेलचे पाच कॅन होते आणि चहापत्ती नव्हती. कुत्र्याच्या बिस्किटांवर निम्मी सूट मिळाली तेव्हा त्यांनी गल्लीतल्या कुत्र्याकडं प्रथमच आपुलकीनं पाहिलं. ॲपवर स्क्रॅच कार्ड आलं, की ते बिस्मिल्ला म्हणत आणि तिकीट फाडायच्या सवयीनं अंगठा जिभेला लावून मोबाइलच्या काचेवर घासत. ओला अंगठा मोबाइलला कळत नसे.

"आधी पुसा तो," जमिलाबी म्हणायच्या. "अनिसाचे अब्बा, आख्खी दुनिया कोरड्या बोटानं मोबाइल चालवती."

जमिलाबी म्हणजे त्यांच्या पत्नी. यांचा व्यवहार कोपऱ्यावरच्या कृष्णराजच्या किराणा दुकानात चाले, रोखीनं आणि घासाघीस न करता. नबीलालभाईंना याचं मनापासून वाईट वाटायचं. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट झाल्यापासून मात्र जमिलाबींबरोबर प्रवास करताना त्यांची छाती भरून येई. ही योजना सरकारनं नव्हे, आपणच काढलीय, असा त्यांचा चेहरा असे.

नबीलालभाईंना बट्टा न लावता आलेली एकच गोष्ट होती. धुळाप्पा.

धुळाप्पा मुरुमजवळच्या खेड्यातला धनगर. कळंब डेपोत ड्रायव्हर होता, आणि बरीच वर्षं एकाच गाडीवर पुढं तो आणि मागं नबीलालभाई असे दोघं होते. त्यांच्यातलं बोलणं घंटीवर चाले. एक टोला थांबायचा, दोन टोले निघायचे, आणि तीन टोले म्हणजे 'पुढच्या फाट्यावर भजी गरम हायत'. नबीलालभाईंच्या लेकीच्या, अनिसाच्या, लग्नात धुळाप्पा टेम्पोत आपल्या कळपातले दोन बोकड घालून घेऊन आला होता. निकाहाचं जेवण त्यावर निघालं. पैसे विचारले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "घरची जनावरं हायत नब्या. घरच्याला कुठं पावती फाडतोस?"

त्याच धुळाप्पाच्या लेकीचं, प्रतीक्षाचं, लग्न गेल्या वैशाखात मुरुमला निघालं. पत्रिकेत खाली 'कृपया आहेर आणू नयेत' असं छापलं होतं. तिकडच्या रीतीप्रमाणं याचा अर्थ आहेराचं टेबल मंडपाच्या उजव्या हाताला आहे.

"पाच हजार एक घाला," जमिलाबींनी सांगितलं. "दोन बोकड खाल्लेत आपण."

"पाच हजार एकच घालतो," नबीलालभाई म्हणाले, आणि त्यात शब्दाचीही लबाडी नव्हती. त्याच आठवड्यात 'बचतमित्र'वर लातूरच्या लखलख बझारचं पाच हजारांचं कार्ड साडेशेहेचाळीसशेला होतं, आणि कार्ड वापरलं गेल्यावर वर शंभर रुपये कॅशबॅक. नबीलालभाईंनी कुरिअरनं छापील कार्ड मागवलं. गुळगुळीत, चकचकीत; त्यावर पिशव्या घेऊन हसणारं एक कुटुंब आणि भरपूर इंग्रजी. मागच्या बाजूला त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चि. प्रतीक्षास, नबीकाकांकडून.' मग ते कार्ड एक रुपयाचं नाणं चिकटवलेल्या पाकिटात घातलं. पाच हजार एक. हिशेब चोख होता आणि वर साडेतीनशे वाचले होते. आपण दोस्ती आणि तत्त्व दोन्ही एका पाकिटात घातली, असं त्यांना वाटलं.

मंडपात आहेराच्या टेबलावर धुळाप्पाचा चुलतभाऊ वीरप्पा माईक धरून बसला होता. वीरप्पाचा आवाज असा, की माईक ही त्याच्या बाबतीत चैनच. एकेक पाकीट फोडायचं, नाव घ्यायचं, रक्कम पुकारायची आणि पैसे पेटीत. नबीलालभाईंनी पाकीट दिलं आणि जमिलाबींसह ते पंगतीला बसले.

बुंदी वाढली जात होती तेवढ्यात वीरप्पानं त्यांचं पाकीट फोडलं. आतून रंगीत कागद निघाला. असले रंगीत कागद वर्तमानपत्रातून रोज पडतात, मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेले असतात, त्यावर असंच एक कुटुंब कशाला तरी हसत असतं. वीरप्पानं तो टेबलाखाली टाकला. पाकीट झटकलं. त्यात फुंकर मारून आत पाहिलं. पुन्हा झटकलं. पाकिटावर चिकटलेल्या नाण्याकडं पाहिलं. हे सगळं माईकवर ऐकू येत होतं.

"कळंबचे..." वीरप्पा म्हणाला आणि थांबला. "कळंबचे नबीलालभाई अत्तार... कंडक्टरसाहेब... यांच्याकडून..." मग त्यानं, कर्तव्य ते कर्तव्य, अशा सुरात पुकारलं, "एक रुपया!"

 मग पलीकडच्या पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "घ्या! कंडक्टरनं शेवटी सुट्टे दिले!"

हशा थेट आचाऱ्याच्या चुलीपर्यंत गेला. नबीलालभाई उष्ट्या हातानं टेबलाकडं धावले.

"वीरप्पा, आत कार्ड होतं!"

"कसलं कारड?" वीरप्पाला माईक बंद करायची सवय नव्हती.

"पाच हजाराचं!"

"पाच हजाराचं कारड? नोटा संपल्या का कळंबात?"

"दुकानाचं असतंय रं ते. ते दाखवलं की दुकानदार माल देतो."

"कुठला दुकानदार?"

"लातूरचा."

"मग लातूरला लगीन लागल्यावर आणायचं की. हितं मुरुमात काय करायचं त्याचं?"

टेबलाखाली पाहिलं. तिथं फाटकी पाकिटं होती, फुलं होती, कुणाची तरी चप्पल होती. कार्ड नव्हतं. नबीलालभाईंनी पुरावा म्हणून खिशातून मोबाइल काढला. खरेदीचा मेसेज होता. तो उघडला. पहिलीच ओळ ठळक होती: 'अभिनंदन! या खरेदीत तुम्ही ३५० रुपये वाचवले!' समोर माईक होता, आणि माईक चालू होता. आपण पाच हजार दिले हे सिद्ध करायचं तर दोस्ताच्या लेकीच्या आहेरात साडेतीनशे मारले हेही त्याच ओळीत सिद्ध होत होतं. नबीलालभाईंनी मोबाइल हळूच परत खिशात घातला. लोकांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

जमिलाबींनी बटव्यातून होते नव्हते ते आठशे रुपये काढून पुढं केले. वीरप्पानं हात जोडले. "वैनी, माईकवर गेलं ते गेलं. दुसऱ्यांदा घेत न्हाय आमी. मागं एका पावण्याचे चुकून जास्ती पुकारले, तवाबी दुरुस्त केले न्हाईत."

निघताना धुळाप्पानं रीतीप्रमाणं नबीलालभाईंना टॉवेल-टोपी दिली. स्वतःच्या हातानं टोपी घातली आणि म्हणाला, "तुमी आलात नबीलालभाई, लई बरं वाटलं."

धुळाप्पा त्यांना कधीच 'तुमी' म्हणत नसे. इतकी वर्षं तो 'नब्या' म्हणत होता. वीरप्पाचा एक रुपया जेवढा लागला नव्हता तेवढी ती टोपी लागली.

परतीच्या गाडीत जमिलाबी तुळजापूर येईपर्यंत बोलल्या नाहीत. कार्डाची खरी हकिकत ऐकल्यावर मात्र बोलल्या.

"साडेतीनशे रुपयात इज्जत गेली. लई स्वस्तात गेली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्याच्यावर कॅशबॅक किती?"

"शंभर," नबीलालभाई म्हणाले. "कार्ड वापरल्यावर."

पुढं धुळाप्पाचा फोन येईनासा झाला. नबीलालभाईंनी केला तर तो 'तुमची तब्येत कशी हाय, वैनी कशा हायत' असं विचारून ठेवून देई, जसं काही वरच्या कचेरीतून फोन आला आहे. मुरुम-उमरग्याकडं जाणाऱ्या गाड्यांवरचे जुने सहकारी कळंब स्थानकात भेटले की खिशातून एक रुपया काढून विचारत, "काका, हा आहेर म्हणून चालंल का?" नबीलालभाई हसत. घरी येऊन 'बचतमित्र' उघडत आणि काही न घेता मिटत. घरातलं फिनेल त्या काळात प्रथमच वापरात आलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मोबाइल वाजला. 'आनंदाची बातमी! तुमचं ५००० रुपयांचं लखलख बझार कार्ड गेल्या महिन्यात लातूर शाखेत वापरलं गेलं. १०० रुपये कॅशबॅक जमा. मुदत ३१ मार्च.'

नबीलालभाई चहाचा कप हातात धरून तसेच बसले. कुणीतरी चोर त्यांच्या इज्जतीवर लातुरात खरेदी करून मोकळा झाला होता. पण दुसऱ्या वाचनात त्यांना वेगळंच दिसलं. या मेसेजात साडेतीनशेचा उल्लेख नव्हता! पाच हजारांचं कार्ड होतं आणि ते खरं होतं, एवढंच स्वच्छ लिहिलेलं होतं. असा पुरावा माईकवरसुद्धा वाचून दाखवता आला असता.

"निघालो मुरुमला," ते म्हणाले.

"मीबी येते," जमिलाबी म्हणाल्या. "अर्धं तिकीट हाय."

पण नबीलालभाईंनी एकट्यानंच जायचं ठरवलं. धुळाप्पाला फोन करून 'त्या कार्डाचं जरा बोलायचंय' असं सांगितलं आणि गाडी धरली. येणेगूर फाट्यावर उतरून मुरुमच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी प्रतीक्षा. लातूरहून." आवाज दबका होता. "आई म्हणाली तुमी कार्डाचं बोलाय निघालाय. अजून पोचला न्हाय न्हवं?"

"फाट्यावर हाय. का गं पोरी?"

"कार्ड माझ्याकडं होतं काका. टेबलाखालून मैत्रिणीनं उचलून दिलं, मागं तुमचं नाव होतं. मी पर्समध्ये टाकलं."

नबीलालभाईंनी मोबाइल कानाशी घट्ट धरला. मग म्हणाले, "मग तिथंच का बोलली न्हाईस गं? सगळा मंडप हसला मला."

"चुकलं माझं. पण काका, माईकवर पुकारलेले पैसे कुठं गेले ठावं हाय का तुमाला? आमच्याकडचे मंडपवाल्याला अन् आचाऱ्याला. तिकडचे सासऱ्यांच्या खिशात. माझ्या लग्नात माझ्या हाताला लागलं ते तेवढंच." मग तिनंच जोडलं, "पुकारलं न्हवतं ना, म्हणून."

एक ट्रक गेला. नबीलालभाईंनी दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"मग काय घेतलंस त्यात?"

"हेडफोन."

"पाच हजाराचे?"

"भारीतले हायत. घातले की बाहेरचं काहीच ऐकू येत न्हाय." मग ती आणखी दबक्या आवाजात म्हणाली, "सासूबाई, आमच्या आत्या, लई बोलतात काका. वाईट न्हाईत त्या, जीव लावतात. पण उठल्यापासून बोलतात. मी सांगितलंय, कानाच्या डॉक्टरनं दिलंय हे. आता त्याच शेजारणींना सांगतात, सूनबाईचे कान नाजूक हायत, हळू बोला. ते आहेराचं हाय असं कळलं तर..."

पुढं तिला सांगावं लागलं नाही. आहेर घराचा असतो. घराचा म्हणजे कुणाचा, हे नबीलालभाईंना चांगलं ठाऊक होतं.

"ठेव तू," ते म्हणाले. "वॉरंटी कार्ड जपून ठेव."

धुळाप्पाच्या दारात घोंगडी अंथरलेली होती. मागं वाड्यात मेंढरं ओरडत होती. धुळाप्पा उठून उभा राहिला, वरिष्ठांसमोर राहावं तसा.

"बसा नबीलालभाई. चहा घेणार का तुमी?"

बानूबाईंनी, धुळाप्पाच्या पत्नीनं, चहा आणून ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "कारडाचं काय म्हणत होता दादा?"

मोबाइल नबीलालभाईंच्या मुठीत होता. मेसेज उघडूनच ठेवलेला होता. ज्यासाठी ते इतके महिने झुरले ते एका बोटाच्या अंतरावर होतं, आणि बोट कोरडं होतं. त्यांनी मोबाइल उपडा घोंगडीवर ठेवला.

"कार्डबिर्ड काय न्हवतं," ते म्हणाले. "एकच रुपया होता धुळाप्पा. हात लई तंग होता. लाजंखातर कार्डाचं सांगितलं."

धुळाप्पानं कप खाली ठेवला.  मग एकदम उसळला.

"अरे नब्या! येडा का खुळा तू? मला सांगायला काय जीभ झडली होती का तुझी? आपल्या पेन्शनीत काय भागतंय, मला ठावं न्हाय व्हय? मलाबी तेवढीच हाय! माझ्याकडं मेंढरं तरी हायत, तुझ्याकडं काय हाय?"

"ॲप हाय," असं म्हणायचं नबीलालभाईंच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून त्यांनी मान खाली घातली.

"एक रुपयात बी आलास की रं मर्दा तू लग्नाला," धुळाप्पा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "आन् मी तुला टोपी घालून 'तुमी' म्हणलो. बानू, तुरीची डाळ काढ. अर्धं पोतं काढ. तूप काढ."

"नको रं..."

"गप बस. एक टोला दिलाय मी, गाडी हलत न्हाय आता."

संध्याकाळी नबीलालभाई डाळीचं पोतं, तुपाचा डबा आणि पाय बांधलेला एक कोंबडा घेऊन कळंबला उतरले. कोंबड्याचं अर्धं तिकीट त्यांनी स्वतः मागून घेतलं. जमिलाबींनी दारातच विचारलं, "कितीला आणलं हे?"

"फुकट."

"मग तोंड असं का?"

त्यांनी सगळं सांगितलं. जमिलाबी पदरानं तोंड झाकून हसत राहिल्या, मग म्हणाल्या, "आता खरं बोलू नका कुठं. पोरीचे कान जातील अन् आपली डाळ."

त्यानंतर दर महिन्याला मुरुमकडून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडं एक पिशवी येऊ लागली. शेंगा, ज्वारी, कधी लोणचं. वर धुळाप्पाचा फोन: "नब्या, लाजू नको." शंभर टक्के सूट असलेला माल नबीलालभाईंनी आयुष्यात प्रथमच पाहिला, आणि तो त्यांच्या घशाखाली उतरेना.

माघात धुळाप्पाच्या थोरल्या मुलाचं, प्रेमचं, लग्न निघालं. यावेळी नबीलालभाईंनी बँकेतून करकरीत पाच हजार रोख काढले, पाकिटात घातले, वर 'रोख' असं लिहिलं. मंडपात पोचायला गाडीनं उशीर केला. ते चपला काढतायत तोवर वीरप्पाचा आवाज घुमला.

"कळंबचे नबीलालभाई अत्तार, कंडक्टरसाहेब, यांच्याकडून..." इथं वीरप्पानं मंडपावरून विजयी नजर फिरवली, "पाच हजार एक रुपये!"

टाळ्या पडल्या. पलीकडच्या पंगतीतल्या कुणाला काही सुचलं नाही. नबीलालभाईंनी खिशावर हात ठेवला. पाकीट खिशातच होतं. टेबलाच्या मागं धुळाप्पा दुसरीकडं बघत उभा होता, जुन्या काळी चेकिंगवाला गाडीत चढला की बघायचा तसा.

म्हणजे पाच हजार एक रुपये धुळाप्पाच्या खिशातून निघाले, नबीलालभाईंचं नाव लावून माईकवर गेले आणि धुळाप्पाच्याच पेटीत परत आले. इतका पुरेपूर कॅशबॅक कुठल्याच ॲपनं कधी दिला नसेल.

नबीलालभाई टेबलापाशी गेले आणि त्यांनी आपलं पाकीट पुढं केलं.

"तुमचा झाला की," वीरप्पा म्हणाला.

"ह्यो माझा हाय."

"त्योबी तुमचाच होता. माईकवर गेलं की दुसऱ्यांदा घेत न्हाय आमी." आणि त्यानं पुढचं पाकीट फोडलं.

पाहुण्यांच्या गर्दीत प्रतीक्षा सासूबाईंच्या शेजारी बसली होती. सासूबाई बोलत होत्या. प्रतीक्षाच्या कानांवर काळे हेडफोन होते आणि ती प्रसन्न चेहऱ्यानं मान हलवत होती. तिनं नबीलालभाईंकडं पाहून हात जोडले. सासूबाईंनी शेजारच्या बाईला सांगितलं, "हळू बोला जरा, हिचे कान नाजूक हायत."

नबीलालभाई पंगतीत बसले. धुळाप्पा वाढायला आला आणि त्यानं त्यांच्या पानात न विचारता दोनदा बुंदी वाढली.

'बचतमित्र'वरच्या त्या शंभर रुपयांची मुदत एकतीस मार्चला संपली. ते वापरले गेले नाहीत.